बुलेट ट्रेन थांबते कुठे?

बुलेट ट्रेनचा विषय निघाला की आमच्या तालुक्यात दोनच बाजू असतात. एक म्हणते, देश पुढे चाललाय, तुम्ही बसा रडत. दुसरी म्हणते, आधी डहाणू लोकलच्या फेऱ्या वाढवा, मग बुलेटचं बघू. पालघर जिल्ह्यात बावीस वर्षं बातमीदारी करतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सभा, मोर्चे, ग्रामसभांचे ठराव, मोजणी अधिकाऱ्यांना परत पाठवल्याचे प्रकार, सगळं लिहून झालंय. 14 सप्टेंबर 2017 ला साबरमतीला मोदी आणि शिंजो आबे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हापासून किती बातम्या दिल्या त्याची गणतीच नाही.

यंदा ती गाडी बघण्याचा योग आला. मावसभाऊ टोकियोत निशी-कसाईला राहतो, त्या भागात आपल्या लोकांची पुष्कळ वस्ती आहे. "दादा, पन्नाशीच्या आत एकदा तरी ये," असं म्हणून म्हणून त्याने शेवटी नेलंच. पासपोर्टवरचा पहिला शिक्का. देवळांचे आणि बागांचे फोटो आमच्या सौभाग्यवतींनी टाकलेलेच आहेत, मी फक्त गाडीबद्दल लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

टोकियो ते क्योतो आम्ही 'नोझोमी'ने गेलो. या मार्गावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात. नोझोमी म्हणजे सगळ्यात जलद, मोजक्याच मोठ्या स्टेशनांवर थांबणारी. 'हिकारी' मधली. आणि 'कोदामा' म्हणजे आपल्या भाषेत स्लो लोकल, प्रत्येक स्टेशन घेणारी. रूळ एकच, डबे जवळपास तसेच, फरक फक्त थांब्यांचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिकीट काढताना हातात दोन कागद येतात. एक साध्या भाड्याचा, दुसरा जलद गाडीच्या जादा आकाराचा. गेटच्या फटीत दोन्ही एकत्र घालायचे, पलीकडून दोन्ही बाहेर येतात, ते उचलून घ्यायचे. आमच्या पुढचे एक गोरे आजोबा एकेक करून घालत होते आणि गेट काही उघडेना. तिथल्या मुलीने तीनदा वाकून त्यांना समजावलं, कपाळावर आठी नाही. भाडं माणशी चौदा हजार येनच्या आसपास, म्हणजे आपले आठ हजारांच्या घरात. परदेशी पाहुण्यांसाठी सात दिवसांचा पास मिळतो, पण ऑक्टोबर 2023 मध्ये तो 29,650 वरून एकदम 50,000 येन झाला. एकदा जाऊन यायचं असेल तर परवडत नाही, हिशोब करून घ्या. आणि मोठी बॅग नेणार असाल तर लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर जाते का ते घरीच टेपने मोजा. जात असेल तर बॅगेच्या जागेसकट सीट आधी राखून ठेवावी लागते. भावाने आमच्या बॅगा मोजल्या तेव्हा बायकोला अपमान वाटला होता.

प्लॅटफॉर्मवर कुठला डबा कुठे येणार हे जमिनीवर लिहिलेलं. लोक तिथेच रांगेत उभे. सोळा डब्यांची गाडी येते, दार बरोबर त्या खुणेवर. विरारच्या गर्दीत वाढलेला माणूस हे बघून आधी हसतो, मग गप्प होतो.

आत बसल्यावर मात्र, खरं सांगू का, काहीच होत नाही. 285 चा वेग आहे हे भावाने सांगितलं म्हणून कळलं. बाटलीतलं पाणी हलत नाही. कानात अधूनमधून दडा बसतो, बोगदा आला की. फोनवर बोलायचं तर लोक उठून दोन डब्यांच्या मधल्या जागेत जातात. तिकीट तपासनीस डब्यातून बाहेर पडताना मागे वळून सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार करतो, कोणी बघत असो वा नसो. टोकियोहून निघाल्यावर पाऊण तासाने उजव्या हाताला फुजी पर्वत दिसतो, त्यासाठी 'ई' अक्षराची सीट घ्यावी. आम्हाला दिसला, पण निम्मा ढगात. सव्वादोन-अडीच तासांत क्योतो. मुंबईहून निघून या वेळात आम्ही कसेबसे बोईसरला पोचतो.

इथपर्यंत सगळे प्रवासी सांगतात तेच झालं. मला बघायचं होतं ते वेगळं.

आमच्याकडे एक काका आहेत, त्यांची थोडी जमीन या प्रकल्पात गेली. मोबदला मिळाला, त्याबद्दल त्यांची आता तक्रार नाही. पण जमीन मोजायला आलेल्या साहेबांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तो मी तिथे उभा राहून ऐकला होता: "ही गाडी आमच्या इथं थांबल काय?" साहेब म्हणाले, बोईसरला स्टेशन आहे ना. काका म्हणाले, "स्टेशन आहे ते माहीत आहे. थांबल काय ते सांगा." त्यावर कोणीतरी हसलं आणि विषय संपला.

म्हणून परतीच्या वाटेवर मी हट्टाने कोदामाचं तिकीट काढलं आणि गिफू-हाशिमा नावाच्या स्टेशनवर उतरलो. पर्यटक इथे उतरत नाहीत. क्योतो आणि नागोयाच्या मधलं हे स्टेशन. 1964 साली मार्ग सुरू झाला तेव्हा अक्षरशः भातखाचरांच्या मधोमध बांधलं होतं. गिफू शहर इथून बरंच लांब आहे. स्टेशनसमोर एका पुढाऱ्याचा सपत्नीक पुतळा. ओनो बाम्बोकु, गिफूचे वजनदार नेते. लोक आजही म्हणतात की त्यांनी दबाव आणून शेतात स्टेशन पाडून घेतलं. दुसरी बाजू अशी, की पुढे सेकिगाहाराच्या पट्ट्यात बर्फ फार पडतो, गाड्या अडल्या तर थांबवायला तिथे जागा रेल्वेलाच हवी होती. गिफूकरांना स्टेशन त्यांच्या शहरात हवं होतं, आणि ओनोंनी मधला तोडगा काढला. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात, पुढाऱ्यांच्या बाबतीत बहुधा असतात. मार्ग सुरू झाला ऑक्टोबरमध्ये, ओनो त्याच वर्षी मे महिन्यात वारले. आपल्या स्टेशनवर थांबलेली गाडी त्यांना बघायला मिळाली नाही.

मी प्लॅटफॉर्मवर बराच वेळ उभा राहिलो. कडेच्या रुळांवर थांबणाऱ्या गाड्या लागतात, मधल्या रुळांवरून नोझोमी जातात. आधी घोषणा होते, मग रूळ जरा गुणगुणतात आणि मग एक पांढरा पट्टा. मी घड्याळ लावून मोजलं, सोळा डबे पाच-सहा सेकंदांत संपले. गाडीत 1,323 सीटा असतात. भरलेली असेल तर तेवढी माणसं माझ्यासमोरून गेली, त्यातलं एकही तोंड दिसलं नाही. आत बसून वेग कळला नव्हता, तो इथे कळला. गर्दीच्या वेळी नोझोमी तासाला बारापर्यंत सुटतात. इथे थांबणाऱ्या गाड्या एका दिशेला साधारण तासाला दोन, एक हिकारी आणि एक कोदामा.

आता कोणी म्हणेल, बघा, छोट्या गावाला ठेंगा. थांबा. तासाला दोन म्हणजे कमी नाही, आणि त्या दोन वेळेवर येतात. शेजारीच नव्या हाशिमा स्टेशनातून छोटी लोकल गिफूकडे जाते, 1982 पासून. स्टेशनभोवती गाड्या लावायच्या जागाच जागा. लोक आसपासच्या गावांतून मोटार घेऊन येतात, ती इथे ठेवतात आणि टोकियोला दिवसाचं काम करून रात्री परत. पण गाव म्हणाल तर साठ वर्षांनंतरही फार मोठं झालेलं नाही. स्टेशन आलं की शहर उभं राहतं, असं आमच्याकडे प्लॉटवाले सांगत फिरतायत. त्यांनी एकदा गिफू-हाशिमाला उतरावं.

जपानचं सगळं गोड होतं असंही नाही, हे आपल्या पहिल्या बाजूवाल्यांसाठी. या मार्गाचा खर्च अंदाजे 200 अब्ज येनवरून 380 अब्जांवर गेला. जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं, ते फिटायला 1981 उजाडलं. ज्यांनी हा मार्ग रेटून नेला ते रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ यांना 1963 मध्येच पायउतार व्हावं लागलं. उद्घाटनाच्या व्यासपीठावर दोघंही नव्हते. आणि नागोयात रुळांलगतच्या रहिवाशांनी आवाज आणि हादऱ्यांविरुद्ध 1974 मध्ये कोर्टात दावा लावला. पुढच्याच वर्षी सरकारने गाडीच्या आवाजाची मर्यादा ठरवली, वस्तीत 70 डेसिबल. दाव्यात तडजोड झाली ती 1986 ला. बारा वर्षं लोक भांडले, आणि त्यांना देशद्रोही कोणी म्हटलं नसावं अशी माझी समजूत आहे.

दुसऱ्या बाजूवाल्यांसाठीही एक गोष्ट. एवढ्या वर्षांत शिंकान्सेनच्या गाडीला टक्कर होऊन किंवा ती रुळावरून घसरून एकही प्रवासी गेलेला नाही. आपण रोज लोकलच्या दारात लटकणारी माणसं आहोत, या वाक्याची किंमत आपल्याला कळायला हवी.

आपला मार्ग 508 किलोमीटरचा, स्टेशनं बारा. महाराष्ट्रात चार: बीकेसी, ठाणे, विरार, बोईसर. सांगण्यात आलेल्या वेळा दोन आहेत. मोजके थांबे घेणारी गाडी 2 तास 7 मिनिटांत, सगळे थांबे घेणारी 2 तास 58 मिनिटांत. भाषणात, बॅनरवर, टीव्हीवर पहिलाच आकडा असतो. आमच्या जिल्ह्याचा आकडा दुसरा आहे. म्हणजे आपल्या नोझोमी आणि आपल्या कोदामा ठरल्यासारख्याच आहेत. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या प्रकारच्या किती धावणार, पहाटेची पहिली किती वाजता, रात्रीची शेवटची किती वाजता आणि स्टेशनबाहेर पडल्यावर जव्हारला, डहाणूला, तलासरीला जायला काय मिळणार. मालगाड्यांचा मार्ग, बडोदा द्रुतगती महामार्ग, वाढवण बंदर आणि ही गाडी, सगळ्यांसाठी जमीन याच पट्ट्याने दिली. वेळापत्रकात एक रकाना मागायचा हक्क त्यातून येतो की नाही?

आल्यावर काकांकडे गेलो, मोबाईलमधला नोझोमी जातानाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो चार वेळा बघितला. मग म्हणाले, "ही गेली. थांबणारी दाखव." कोदामाचा व्हिडिओ मी काढलेला होताच. दार उघडलं, एक बाई पिशवी घेऊन उतरली, दोन शाळकरी पोरं चढली, दार लागलं. काकांनी तोही बघितला आणि विचारलं, तिकीट किती. क्योतोहून गिफू-हाशिमाचं किती पडलं ते सांगितलं, रुपयांत करून. ते काही बोलले नाहीत. काकूंना हाक मारून चहा ठेवायला सांगितला.