रात्रीची लाइट आणि ओहायोचे उंदीर

आमच्या फैजपुरात विजेला कुणी वीज म्हणत नाही, लाइट म्हणतात. केळीवाल्या घरांत तर एकच प्रश्न: या आठवड्यात लाइट दिवसाची की रात्रीची? रात्रीची पाळी आली की काका डबा घेऊन मळ्यात. ऑटोस्टार्टर आहे हो, पण फ्यूज उडतो, व्हॉल्व्ह बदलावे लागतात. आठला घरी जेवलेला माणूस रात्री दोनला बल्बखाली शेव-भाकरी खातो आणि सकाळी ताट बाजूला सारतो. पोट सुटलंय. ‘खाणं काही वाढलं नाही यांचं,’ काकू वैतागते.

काकूला उत्तर सापडलं थेट अमेरिकेत! ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत लॉरा फॉन्केन आणि रँडी नेल्सन यांच्या टीमने २०१० साली उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदीर अंधारात खातो, उजेडात झोपतो. त्यांनी काही उंदरांना रात्री पूर्ण अंधार दिला, तर काहींना मंद उजेड. किती? अंधाऱ्या खोलीत टीव्ही चालू असावा, इतपत. आठ आठवड्यांत मंद उजेडवाल्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ५० टक्के जास्त वाढलं. खाणं तेवढंच, धावपळही तेवढीच! बदलली होती फक्त वेळ. नेहमीचे उंदीर दिवसा ३६ टक्के अन्न खात होते, हे ५५ टक्के. म्हणजे ऐन झोपेच्या वेळी. मग संशोधकांनी अन्न फक्त योग्य वेळीच ठेवलं. उजेड तसाच, तरी जादा वजन वाढलं नाही.

आपण दिवसाचे प्राणी, त्यामुळे गणित उलटं, आणि उंदराचं सगळं माणसाला लागू होत नाही हेही खरं. तरी पुण्यात रात्री एकला लॅपटॉपसमोर पिझ्झा मागवताना मला ते पिंजरे आठवतात. तुमचा यूएस क्लायंट असेल तर तुम्हालाही आठवावेत. फरक इतकाच, की लॅपटॉप मी बंद करू शकते.

काकांना फोनवर सांगितलं, रात्री दोनला खाऊ नका. ते म्हणाले, ‘मंग मोटर काय उंदरं चालू करतीन का?’

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्या बाजूने बोलताना लोक साप-बिबट्याची भीती सांगतात. ती आहेच. पण रात्री दोनच्या त्या भाकरीचा हिशेबही त्यात धरायला हवा, असं मला वाटतं. काकू तर कधीची धरून बसलीय.