कोळसा सरल्यावर घराचे मोल

घराची किंमत कशावरून ठरते, असे कोणी विचारले तर आपण विटा, सिमेंट, लाकूड आणि मजुरी यांचा हिशेब मांडू. अर्थशास्त्राच्या तासाला 'मागणी' आणि 'पुरवठा' हे शब्द ऐकले, तेव्हा त्यात थोडी भर पडली. पण त्या दोन शब्दांआड किती माणसे उभी असतात, हे मला वेल्समधील एका खेड्याविषयी वाचताना उमगले. त्या खेड्याचे नाव मार्डी. या नावाची गावे आपल्या विदर्भातही आहेत, म्हणूनच ग्रंथालयात पाने चाळताना मी तेथे थांबले. शिवाय मी खदान कामगाराची मुलगी. कोळशाचे गाव मला परके कसे वाटावे?

ही मार्डी ऱ्होंडा खोऱ्याच्या वरच्या टोकाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खोऱ्यात मेंढ्या आणि मूठभर शेतकरी. पुढे खोल खाणी सुरू झाल्या आणि १९२१ पर्यंत खोऱ्याची वस्ती एक लाख साठ हजारांच्या वर गेली. जागा अरुंद, म्हणून डोंगरउतारावर घराला घर लागून लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या. दोन घरांत भिंत एकच.

विशेष म्हणजे यांतील पुष्कळ घरे कामगारांनी स्वतःच्या पैशाने उभारली. काही जण मिळून मंडळ काढीत, नेमाने वर्गणी भरीत आणि घरे बांधून घेत. आपल्या भिशीचाच प्रकार म्हणा ना! जमीन मात्र जमीनदाराची, बहुधा ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतलेली. मुदत सरली की जमिनीबरोबर घरही त्याचे. पणजोबाने घाम गाळून बांधलेले घर पणतवाने सोडून द्यावे, हा कुठला न्याय? १९६७ साली कायदा झाला, तेव्हा कुठे अशा पट्टेदारांना जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला.

पण पायाखालची जमीन आपली होऊ लागली, तोवर तिच्या पोटातले काम जाऊ लागले होते. १९६४ मध्ये मार्डीची प्रवासी रेल्वे बंद झाली होतीच. खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध १९८४ च्या मार्चमध्ये मोठा संप सुरू झाला. वर्षभराने तो हरला, तेव्हा मार्डीचे कामगार बँड वाजवीत, संघटनेचे निशाण पुढे धरून कामावर परतले. १९९० च्या डिसेंबरात ती खाणही बंद झाली. ऱ्होंडातील ती शेवटची खाण.

खाण गेली, घरे राहिली. भिंती त्याच, छपरे तीच. मोल मात्र उतरले. राजधानी कार्डिफ काही फार दूर नाही, पण तेथील घरांच्या मानाने या खोऱ्यांतील घरे आजही पुष्कळ स्वस्त आहेत. नव्या जोडप्याला ही सोयच. बाहेरचे लोकही ती विकत घेऊन भाड्याने देतात. पण ज्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या येथेच आहे, त्याने काय करावे? ते विकून येणाऱ्या पैशात शहरात घर मिळत नाही. घर आहे म्हणून गाव सुटत नाही आणि गावात काम नाही!

तरी या माणसांची कीव करावी असे मला वाटत नाही. आपल्या तुटपुंज्या पगारातून पैसे कापून देऊन त्यांनी गावोगावी सभागृहे आणि वाचनालये उभारली. ज्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नव्हते अशा घरातून मी आले आहे. मला याचे अप्रूप वाटणारच. शेजारच्या ट्रिऑर्कीतील असे एक सभागृह आजही नाट्यगृह म्हणून चालू आहे. डोंगरापलीकडे हिरवॉनला तर २३९ कामगारांनी नोकरी गेल्यावर मिळालेल्या रकमेतून प्रत्येकी ८,००० पौंड घातले आणि बंद पडलेली टॉवर खाणच विकत घेतली. १९९५ पासून २००८ पर्यंत ती त्यांनी चालवली.

हे सारे मी घरी सांगितले, त्याला कारण आहे. बाबांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. क्वार्टर सोडावे लागेल. मामा म्हणतात, नागपूरला प्लॉट घ्या, भाव वाढेल. आईला कॉलनीजवळच घर हवे. वीस वर्षांच्या शेजारणी तिथे आहेत. पण आमच्या खदानीतही कोळसा किती वर्षे पुरणार, याची चर्चा पाळीवरून येणारा प्रत्येक माणूस करतो.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. घरांचे भाव त्यांनी विचारले नाहीत, टॉवरचा नफाही विचारला नाही. म्हणाले, "मंग तेथच्या पोरायले काम भेटलं का?"

बाबा चौथी शिकलेले. पण घराच्या किमतीचा खरा प्रश्न त्यांनी विचारला, असे मला वाटते. ज्या गावात मुलांना काम नाही, तेथे भिंती कितीही पक्क्या असोत, घराला मोल येणार कोठून? आमचा प्लॉट अजून ठरलेला नाही. पण खदान चालू आहे तोवरच हा प्रश्न सगळ्या कॉलनीने मिळून विचारायला हवा, इतके मात्र मला पटले आहे.

— द्वितीय वर्ष, कला