अकरा कॅसेटी

गेल्या वैशाखांतील गोष्ट. यवतमाळचें ऊन वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांस सांगून कळावयाचें नाहीं. दुपारीं बाहेर पडण्याची सोय नसते, आणि रिकाम्या हातांस नसत्या उठाठेवी सुचतात. आमच्या फडताळावर 'नॅस' म्हणतात ती पेटी आहे. घरांतील सर्वांचीं छायाचित्रें व कागदपत्रें तींत सांठतात. जागा भरत आली म्हणून ती आवरावयास बसलों. 'आई' आणि 'आई-जुनें' असे दोन फोल्डर दिसले. दोन प्रती कशाला, असें म्हणून मीं दुसरा पुसून टाकला.

सायंकाळीं पहिला उघडला, तों त्यांत केवळ छायाचित्रें! आवाज होता तो दुसऱ्यांत.

आई 2004 सालीं गेली. तत्पूर्वीं तिला बोलतें करून मीं अकरा कॅसेटी भरल्या होत्या. पुढें त्या संगणकावर उतरविल्या आणि बुरशी धरलेल्या मूळ फिती माझ्याच हातानें केरांत घातल्या. महानुभावांचें लीळाचरित्र हरपल्यावर शिष्यांनीं तें स्मरणानें पुन्हां सिद्ध केलें, असें परंपरा सांगते. मला त्या रात्रीं आईचें एक वाक्यही धड आठवेना.

पुण्याच्या भाच्यास फोन केला. म्हटलें, "पेटींत दोन हार्ड डिस्क आहेत, एकीवरचें दुसरीवर उमटतें. मग दुसरीवर असेलच ना?" तो हंसला नाहीं, हे त्याचे उपकार. म्हणाला, "मामा, एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी. तुम्हीं पुसलेंत तें दोन्हींवरून गेलें. आधीं पेटी बंद करा. तिच्यावर आतां एक अक्षरही लिहूं नका."

कारण मागाहून कळलें. पुसणें म्हणजे ग्रंथालयाच्या सूचींतून नोंद काढणें. पुस्तक कपाटांतच असतें. मात्र ती जागा मोकळी समजून तेथें दुसरें पुस्तक ठेवलें, कीं सारें संपलें.

रात्रीच्या बसनें तो आला. एक डिस्क काढून प्रथम तिची संपूर्ण नक्कल केली. त्यास दहा तास लागले. मग त्या नकलेवर 'फोटोरेक' नांवाचा प्रोग्राम चालविला. क्रिस्तोफ ग्रेनिये ह्यांनीं केलेला हा प्रोग्राम फुकट मिळतो. सूचीकडे न पाहतां प्रत्येक फाइलच्या आरंभींच्या खुणेवरून तो फाइल ओळखतो. नांव फोटोचें असलें तरी आवाजही शोधतो.

बावीस बाजूंपैकीं एकोणीस मिळाल्या. पण नांवें गेलीं होतीं. उरले ते नुसते आंकडे. कोणती कोणती, हें ऐकूनच ठरवावयाचें. आणि खरें सांगावयाचें तर, भरल्यापासून मीं त्या एकदांही ऐकल्या नव्हत्या.

एकींत 1973 सालचें येथलें साहित्यसंमेलन होतें. अध्यक्ष ग. दि. माडगूळकर, आणि मी मांडवांत रडत होतों म्हणून आईला अर्धें भाषण सोडून उठावें लागलें, ही तक्रार मीं प्रथमच ऐकली. दुसरींत दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी 'शकुंतला', आतां न धावणारी, आणि डब्यांत बांधून नेलेल्या दशम्या. तीन बाजू गेल्या त्या गेल्या. त्यांत काय होतें, तें मला सांगतां येत नाहीं.

भाचा जातांना एक प्रत पुण्यास घेऊन गेला. मी रोज दुपारीं एक बाजू ऐकून तिला नांव देतों. काल सतरावी झाली. शेवटीं आई म्हणते, "बंद कर आतां तें, वरण लागतंय खालीं."