चांगले दिसावे म्हणून

जिल्हाधिकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्याची हयात गेली, त्याला कोणत्याही कागदावरचा कारणाचा रकाना रिकामा सोडवत नाही, आणि त्यात खोटे लिहिणे तर त्याच्या हातून होतच नाही. म्हणून कोल्हापुरातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या संमतिपत्रावर शस्त्रक्रियेचे प्रयोजन विचारलेले दिसले, तेव्हा मी सरळ लिहिले, ‘चांगले दिसावे म्हणून’. खिडकीतल्या मुलीने ते वाचले, क्षणभर माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘मावशी, नुसतं ‘पाळी फाटली’ लिहिलंत तरी चालतंय.’’ अडलेल्या अर्जदाराला आम्हीही पूर्वी अशाच सोयीच्या वाटा दाखवीत असू, त्यामुळे तिचा राग आला नाही. पण मजकूर मी बदलला नाही.

माझ्या कानांच्या पाळ्या सासूबाईंच्या कुड्यांनी ओघळल्या होत्या. टपोऱ्या मोत्यांच्या, मधोमध लाल खडा बसविलेल्या त्या कुड्या वजनदार होत्या. त्यांना कानवेल लावीत जा, असे त्या मला वारंवार बजावीत, परंतु कानवेल घालून कचेरीत टिपण्या लिहीत बसणे मला प्रशस्त वाटत नसे, आणि वर्षानुवर्षे तो भार सोसता सोसता भोकाची चीर आणि चिरेची फट होत गेली. शेवटी डाव्या पाळीच्या तळाशी सुतळीएवढी कातडी उरली होती, तीही एसटीतून उतरताना पदर कुडीत अडकल्याचे निमित्त होऊन तुटली. जखम दोनचार दिवसांत भरली. मात्र पाळीचे दोन स्वतंत्र तुकडे होऊन भरली. पुढे लग्नकार्यात कानामागे चिकटपट्टी लावून मी दागिना अडकवू लागले, आणि मांडवातल्या उकाड्याने पट्टी सुटून तो अक्षता पडण्याच्या सुमारास मानेवर घरंगळला की यजमानांआधी मीच शरमिंदी होई. ब्यूटी पार्लरमध्ये कसलेसे जहाल औषध लावून फट चिकटवून देतात असे कळले होते. पण एका परिचित बाईंची पाळी त्याने भाजून निघालेली पाहिली असल्यामुळे त्या वाटेला गेले नाही.

शस्त्रक्रियेचा बेत घरात जाहीर होताच, ‘‘आता ह्या वयात कशाला?’’ हा प्रश्न प्रथम आमच्या ‘ह्यां’नी विचारला, आणि ज्या सकाळी विचारला त्याच सकाळी त्यांच्या डोक्यावर पंधरवड्याचा कलप वाळत होता. जाऊबाईंनी खर्चाची चौकशी केली. विमा विकणाऱ्या शेजारच्या मुलाने पॉलिसीतले ते कलम काढून दाखविले, की अपघात, भाजणे वा कर्करोग ह्यांमुळे पुनर्रचना करावी लागल्यास गोष्ट वेगळी, एरव्ही सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचा दावा नामंजूर. आणि वर सुचविले, की एसटीतला प्रसंग अपघात म्हणून घालता येईल. चाळीस वर्षांच्या भाराचा दोष एका पदरावर ढकलून खोटा पंचनामा रचण्याचे माझ्या जिवावर आले, म्हणून खर्च मी निवृत्तिवेतनातून केला.

दात पडले तर कवळी बसविण्याला कोणी कारण विचारीत नाही, कारण तिने चावता येते. शोभेसाठी काही करणाऱ्याला, आणि विशेषतः करणारीला, मात्र सर्वांपुढे कैफियत द्यावी लागते. वास्तविक आपल्याकडील शस्त्रवैद्यांना हा भेद एवढा कडक वाटत नसावा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला 16 वा अध्याय मूळचा कान टोचण्याचा: बालकाला धात्रीच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रिझवावे, पाळीतून सूर्यकिरण दिसेल अशा जागी टोचावे, मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी, अशा घरगुती जिव्हाळ्याने तो सुरू होतो, मग फाटलेल्या पाळ्या जोडण्याचे 15 प्रकार येतात, आणि त्यांतले शेवटचे पाच साध्य होत नाहीत अशी प्रामाणिक नोंदही येते, आणि अध्यायाच्या अखेरीस, गालाची कातडी घेऊन छिन्न नासिका नवी करण्याचा तो जगप्रसिद्ध विधी येतो. म्हणजे नाकाची ती थोर विद्या ज्या अध्यायात सांगितली, त्याचा आरंभ कानातल्या डुलांसाठी पाडलेल्या भोकापासून आहे.

पुण्याजवळ तशीच एक विद्या अठराव्या शतकातही जिवंत होती. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान 1792 च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला, आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. पुढे विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने मेणाचा साचा करून, त्याच्या मापाने कपाळावरची कातडी सोडवून, दोन डोळ्यांच्या मधला देठ शाबूत ठेवून ती खाली वळविली आणि भिजविलेल्या काथाने बसविली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने 1794 मध्ये ही हकीकत चित्रासह छापली, आणि ती वाचून युरोपातले वैद्य कामाला लागले. तुटल्या हाताला इलाज नव्हता. नाकाला होता, तो त्याने करून घेतला.

माझे डॉक्टर वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे. जांभळ्या शाईने पाळीवर नागमोडी रेघ काढताना त्यांनी सांगितले, ‘‘बाई, जुनी भरलेली कड कापून ताजी केल्याशिवाय टाका धरणार नाही, आणि सरळ शिवली तर व्रण आखडून खाली खाच पडेल, म्हणून ही वळणं.’’ बधिर करण्याची सुई मात्र झोंबली. त्यानंतर वेदना नव्हती, नाद होता. पोटाच्या शस्त्रक्रियेत रोग्याला काही ऐकू येत नाही. इथे शस्त्र कानावरच चालले असल्यामुळे कात्रीचा प्रत्येक करकरीत घास, दोरा कातडीतून ओढला जातानाची खर, गाठ आवळल्यावर टोक छाटल्याचा ‘कट्’, सारे मोठ्या आवाजात थेट मेंदूत येत होते, आणि त्याच आवाजाच्या आडून डॉक्टर परिचारिकेशी गणपतीच्या वर्गणीबद्दल बोलत होते. जाताजाता उजवी पाळीही त्यांनी आवळून घेतली. सुश्रुताने ह्या प्रसंगी दिवसा झोप, अतिभोजन, व्यायाम, अग्नीची धग आणि बोलण्याचे श्रम वर्ज्य सांगितले आहेत. त्यांतले शेवटचे कलम आमच्या घरी विशेष पसंत पडले.

म्हणून मी सरसकट सगळ्या सुरीची वकील झाले, असे नव्हे. माझ्या भाचीला पाहायला आलेल्या मंडळींनी निरोप पाठविला, की मुलगी पसंत आहे, फक्त नाक नीट करून घ्यावे. तेव्हा ते स्थळ परत करावे म्हणून हट्ट धरणारी मीच होते. तिला स्वतःला त्या नाकाची कधी अडचण नव्हती. उद्या तिच्याच मनात आले, तर तिला डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन जाईन.

टाके आठवडाभराने निघाले, आणि व्रण पिकला की त्याच्यावर न टोचता जरा बाजूला टोचून घ्या, असे सांगून डॉक्टरांनी मला मोकळे केले. सोनारानेच कान टोचावेत ह्या म्हणीला मान देऊन काही महिन्यांनी मी गुजरीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या सोनारांनी चष्मा कपाळावर चढवून पाळी दोन बोटांत धरली, व्रण कुठे ते मला विचारूनच घेतले, तार घातली, आणि मग सासूबाईंच्या कुड्या तराजूत टाकून म्हणाले, की मागची फिरकी बदलून आणि कोंदण हलके करून वजन बरेच उतरवता येईल, घडणावळ निराळी पडेल. ती मी बिनतक्रार मोजली. आणि तेवढ्यावर न थांबता कानवेलीचा एक जोड घडवायला टाकला.