आकड्याचे देणे

घनसावंगीच्या बाजारपेठेत बी-बियाणे आणि खतांचे एक जुने दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर नाव आहे. पण आसपासच्या खेड्यांत त्या घराची ओळख नावापेक्षा एका आकड्याने अधिक होती. तो आकडा होता 2709.

थोरल्या शेठजींनी नव्वदच्या दशकात जीप घेतली, तेव्हा हा क्रमांक कुणी मागून घेतलेला नव्हता. 1 जुलै 1989 पासून राज्यांची अक्षरे आणि जिल्ह्यांचे अंक असलेली नवी नोंदणी पद्धत देशात सुरू झाली होती. जालना जिल्ह्याच्या वाट्याला एमएच 21 आले. जालन्याच्या परिवहन कार्यालयात शेठजींच्या जीपची पाळी आली, तेव्हा रांगेत जो क्रमांक होता तो तिला मिळाला. पुढे एका संध्याकाळी शेठजींच्या पत्नीने बोटांवर बेरीज केली. दोन आणि सात नऊ, नऊ आणि नऊ अठरा, एक आणि आठ पुन्हा नऊ. नवकार मंत्राची पदेही नऊच. एवढ्यावर आकडा शुभ ठरला.

मात्र त्या आकड्याला मोल चढले ते बेरजेमुळे नव्हे. पेरणीच्या दिवसांत ही जीप बियाण्याच्या पिशव्या घेऊन तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, जांब समर्थ अशी फिरे. पैसे नंतर, पीक हाती आल्यावर. रात्री-अपरात्री कुणाच्या घरी बाळंतीण अडली तर हीच जीप अंबडमार्गे जालन्याच्या दवाखान्याकडे धावे, आणि त्या फेरीचे भाडे वहीत कधी लिहिले जात नसे. रस्त्यात माणूस दिसला की शेठजी वेग कमी करीत. “सत्तावीस-नऊ आली,” असे पोरेसोरेही म्हणत.

वय झाले तसे शेठजींनी ती जीप आपल्या जुन्या चालकालाच विकली. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करार झाला, सह्या झाल्या, चहा झाला. परिवहन कार्यालयातील नोंद तेवढी राहून गेली. “सावकाश करून घेऊ,” असे दोघेही म्हणाले. त्या घरात दिलेला शब्द कागदापेक्षा मोठा मानला जाई. अडचण एवढीच की सरकारी दफ्तर फक्त कागद वाचते. काही वर्षांनी शेठजींनी देह ठेवला आणि नोंद तशीच राहिली.

गेल्या वर्षी थोरल्या मुलाने नवी मोटार घ्यायचे ठरवले. मोटार कोणती, रंग कोणता, हे घरातल्या मुलांवर सोडले. त्याचा आग्रह एकच होता. क्रमांक 2709 हवा.

वाहनाचा क्रमांक ही माणसाची मालमत्ता आहे, असा पुष्कळांचा समज असतो. इंग्लंडमध्ये तो बराचसा खराही आहे. तेथे 1903 च्या मोटार कायद्याने नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ‘ए 1’ हा क्रमांक अर्ल रसेल यांच्या मोटारीवर गेला. आज तेथे मनाजोगा क्रमांक विकत घेता येतो आणि एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेता येतो. दुबईत तर एप्रिल 2023 मध्ये ‘पी 7’ ही पाटी धर्मादाय लिलावात साडेपाच कोटी दिरहमला गेली. आपल्याकडे मूळ कल्पना वेगळी आहे. क्रमांक वाहनाला दिलेला असतो. वाहन विकले की तो त्याच्याबरोबर जातो. म्हणून आपल्या व्यापारी घरांनी निराळी वाट काढली. नवी गाडी घेतली की चालू मालिकेतून तेच चार अंक शुल्क भरून मागून घ्यायचे. मधली अक्षरे बदलतात, शेवटचे चार अंक तेच राहतात आणि घराण्याची खूण पुढे चालते.

हा शौक स्वस्त नाही. ऑगस्ट 2024 च्या अधिसूचनेने राज्यात ही शुल्के वाढली. चारचाकीसाठी 0001 चे शुल्क मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी 4 लाखांवरून 6 लाख, तर इतरत्र 3 लाखांवरून 5 लाख झाले. 9, 99, 999, 9999 आणि 786 यांसाठी दीड लाखांऐवजी अडीच लाख मोजावे लागतात. पसंतीचा क्रमांक पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करण्याची सोयही त्याच वेळी आली. एका आकड्यावर दोघांचा डोळा असेल तर जास्त रक्कम देणाऱ्याला तो मिळतो. 2709 त्या मानाच्या यादीत नव्हता, त्यामुळे त्याचे मोल त्या मानाने कमी होते. शिवाय आता सर्वांच्या पाट्या एकाच ठशाच्या असतात. 4141 वळवून ‘दादा’ लिहिण्याचे आणि 214 चा ‘राम’ करण्याचे दिवस कायद्याने कधीच मान्य केले नव्हते. उच्च सुरक्षा पाटीने ते उरलेच नाहीत.

अर्ज करायचा तेवढा बाकी होता. त्याच आठवड्यात जालन्याहून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. ती कै. शेठजींच्या वारसांच्या नावे होती. तीर्थपुरी रस्त्यावर एका जीपने ऊसतोडणी करणाऱ्या मजुराला धडक दिली होती आणि त्याचा पाय मोडला होता. जीपचा विमा संपलेला होता. जुन्या चालकाने ती कधीच तिसऱ्याला विकली होती. पण दफ्तरी मालक अजूनही शेठजीच होते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचे असते. त्यासाठी नमुना 29 आणि 30 आहेत. मालकाचे निधन झाले तर वारसाने 30 दिवसांत कळवून पुढे नमुना 31 भरायचा असतो. हे झाले नाही तर काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितले आहे. गाडी हातोहात कितीही फिरली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. जखमी माणसाने विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा न्यायालय करीत नाही.

वकिलांनी दुसरी बाजूही दाखवली. वारसांवरचा भार वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरताच. मुद्रांकावरचा करार आहे, विकत घेणारे दोघे आहेत. सर्वांना दाव्यात ओढता येईल, तारखा पडत राहतील. धाकटा मुलगा म्हणाला, “दादा, जीप विकून इतकी वर्षं झाली. आपला आता काय संबंध?” थोरल्याला हे पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. समोर पैशाचा प्रश्न होता, आणि तो लहान नव्हता.

रात्री सामायिक आटोपून आई बाहेर आली. तिने सारे ऐकले होते. तिने एवढेच विचारले, “नव्या गाडीला तो आकडा कशासाठी हवा रे?”

“बाबूजींचा आहे म्हणून.”

“मग ती नोटीस कुणाच्या नावाची आहे?”

त्यावर कुणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ त्या मजुराच्या वस्तीवर गेले. तो बाजेवर पाय लांब करून बसला होता. हे शेठजींचे मुलगे, असे कळताच त्याने उठण्याचा प्रयत्न केला. थोरल्याने त्याला बसवले आणि अपघात कसा झाला, ते विचारले. तो म्हणाला, “लांबूनच नंबर दिसला होता. सत्तावीस-नऊ. शेठजींची जीप माणूस पाहून हळू व्हायची, लहानपणापासून बघत आलो. म्हणून बाजूला सरलो नाही.”

थोरला मुलगा परतताना वाटेत काही बोलला नाही. वडिलांनी जपलेला विश्वास त्या पाटीवर तसाच राहिला होता, आणि चाकामागचा माणूस मात्र बदलला होता. गैरसमज मजुराचा नव्हता. त्याने आकडा अगदी बरोबर ओळखला होता.

प्रकरण लोकअदालतीत ठेवले गेले. सध्याच्या मालकाने जमेल तेवढे दिले. बाकीचे या घराने दिले. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, त्यामुळे तारखांचा फेरा टळला आणि मजुराच्या उपचाराला पैसा वेळेवर पोहोचला. वारसाची नोंद करून जीप रीतसर मोडीत काढली गेली आणि तिची नोंदणी रद्द झाली. पाटी काढताना कुणीतरी म्हणाले, ही आठवण म्हणून दुकानात लावावी. थोरल्याने ती परत केली.

नवी मोटार आली, पण ठरली होती त्यापेक्षा लहान. पसंतीच्या क्रमांकाचा अर्ज त्याने केलाच नाही. रांगेत जो आला, तो घेतला. गाडी दारात उभी राहिल्यावर आईने कुंकू लावले आणि सवयीने पाटीवरच्या अंकांची बेरीज केली. ती सात आली.

“नऊ नाही आले,” नातू हिरमुसून म्हणाला.

“आजोबांच्या गाडीचे तरी पहिल्या दिवशी कुणी मोजले होते?” आई म्हणाली आणि आत गेली.

त्या आठवड्यात थोरल्याने घरातील सर्व वाहनांचे कागद काढून एका पिशवीत लावले. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरची नोंदही राहिलेली निघाली. तिचे काम पूर्ण करूनच त्याने नवी मोटार प्रथम तीर्थपुरीच्या रस्त्यावर नेली. वस्ती जवळ येताच त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.