लाल फुली काय सांगते?



फाइलमधले शब्द मोजणारी एक छोटी लायब्ररी मी सी भाषेत लिहिली. शाळेतला जुना लॅपटॉप इंटेलचा, तर वर्गातल्या रास्पबेरी पायमध्ये आर्म प्रोसेसर. म्हणून कोडमध्ये बदल केला की दोन्हींसाठी ती आपोआप तयार होऊन तपासली जाईल अशी सोय केली. यालाच कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात.

इंटेलवर हिरवी खूण, आर्मवर लाल फुली! तीनदा पुन्हा चालवलं, तेच. खरं सांगते, आर्मची चाचणीच काढून टाकावी असं मनात आलं. सगळं हिरवं दिसलं असतं ना! पण कच्च्या मुलाला परीक्षेला न बसवता शंभर टक्के निकाल दाखवण्यासारखंच ते झालं असतं.

मग लॉग पहिल्या ओळीपासून वाचला. फाइल संपली तरी वाचन थांबत नव्हतं. फाइल संपल्याची खूण म्हणून -१ मिळतो. तो मी 'कॅरेक्टर' प्रकारात ठेवला होता. लिनक्सवर हा प्रकार इंटेलसाठी सहसा -१२८ ते १२७ धरतात, आर्मसाठी ० ते २५५. तिथे -१ चे झाले २५५, मग शेवट सापडणार कसा? 'कॅरेक्टर'च्या जागी 'इंटिजर' लिहिलं आणि दोन्हीकडे हिरवं!

चूक माझीच होती. इंटेलवर ती झाकली गेली, आर्मने दाखवून दिली.

आपल्या वर्गात एखाद्याच मुलाचं उत्तर चुकतं, तेव्हा आपण आधी काय तपासतो? मूल, की आपलं शिकवणं?