घोडीचे कान, माझे कान आणि डीजे



यात्रा आणि लग्नसराई तोंडावर आलीय म्हणून आजच लिहितोय. लिहितोय म्हणजे मोबाईलला बोलून सांगतोय, तो टाईप करतो आणि मला वाचून दाखवतो. काना-मात्रा चुकला तर समजून घ्या. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मी महाळुंगे पडवळचा, हुतात्मा बाबू गेनूंच्या गावचा. घरात बैलगाड्याचा नाद जुना. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या घाटात बैलांच्या पुढं घोडी पळते, म्हणून दावणीला घोडी असायचीच. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. घोडी नुसती उभी राहून खायला लागली. घरचे म्हणाले, विकून टाकू. मी म्हणालो, मी सांभाळतो. तोवर माझी नजर पूर्ण गेली होती. आई एवढंच म्हणाली, "अरे, तुलाच कुणीतरी सांभाळायला पाहिजे!"

नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, काही न बोलता कासरा हातात दिला.

लोक विचारतात, दिसत नाही तर घोडी कशी सांभाळतो? हातानं आणि कानानं. खरारा करताना जखम, सूज, गोचीड बोटाला आधी लागते. रोज चारही खूर हातात घेतो. एखादा खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला की काहीतरी बिघडलंय. सकाळी तिच्या कुशीला कान लावतो. आत गुडगुड चालू असेल तर ठीक. पोट गप्प असेल आणि ती वैरणीला तोंड लावत नसेल, तर डॉक्टरला लगेच फोन. घोड्याची पोटदुखी जीवावर बेतते. एकदा रात्री असंच कळलं, घरात बाकी कुणाला काही दिसलं नव्हतं.

बसतो कसा? मोकळ्या वावरात. पुतण्या एका टोकाला, नाना दुसऱ्या टोकाला. आळीपाळीनं हाक देतात, मी हाकेच्या दिशेनं घोडी वळवतो. पहिल्या वर्षी दोनदा पडलो, खोटं कशाला सांगू. पुढं कळलं की पॅरालिम्पिकमध्ये १९९६ पासून घोडेस्वारी आहे आणि तिथं अंध स्वारांसाठी मैदानाच्या कडेला उभं राहून माणसं अक्षरं पुकारतात. आमच्या वावरातलीच पद्धत की ही!

आता मुद्द्यावर येतो.

मागं एका गावात नवरदेवाच्या मिरवणुकीला घोडी नेली होती. लगाम माझ्या हातात, पुतण्या बाजूला. पाच-सहा वर्षांत एकदाही गडबड नव्हती. वळणावर डीजेची भिंत एकदम सुरू झाली. त्या क्षणी मला खरंच अंधार झाला. पुतण्या ओरडत होता, ऐकू येईना. पुढं माणसं किती, पोरं कुठं, काही कळेना. घोडी उधळली. लगामानं तळहात सोलला, तरी सोडला नाही. तिच्या पायाशी एक लहान मुलगी होती, हे मला नंतर सांगितलं. कुणीतरी तिला ओढून घेतलं म्हणून आज ही पोस्ट लिहितोय. नाहीतर लोक म्हणाले असते, आंधळ्याच्या हातात घोडी दिलीच कशाला.

दोष कुणाला देत नाही. पण समजून घ्या. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त कपाळासमोर आणि शेपटीमागं दिसत नाही. तिथलं ती कानावर सांभाळते. दोन्ही कान वेगवेगळे फिरवते. माझं तर सगळंच कानावर. तुमच्या डोळ्यावर फडकं बांधून गर्दीत ढकललं तर कसं वाटेल, तसं आम्हा दोघांना डीजेत वाटतं.

कायदा आहेच. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. २०००चे नियम आहेत. पण पोलिसांना फोन करून गावात वाईटपणा कुणी घ्यायचा? म्हणून यात्रा कमिट्यांना आणि वरपित्यांना हात जोडून सांगणं, शर्यती परत मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला. मुक्या जनावराची काळजी घेतो असं आपण कोर्टात सांगितलंय. मग ते घाटापुरतंच नको. घोडी मिरवणुकीत असेल तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. ढोल-ताशा, सनई काहीही लावा, पण सुरू करायच्या आधी एक हाक द्या. तेवढ्यात मी घोडीच्या मानेवर हात ठेवतो, बोलतो, ती थांबते.

आणि घोडीजवळ येताना मागून गुपचूप येऊ नका. आधी बोला. माझ्याजवळ येतानाही तसंच करा, नाव सांगा. "ओळखलं का?" असं विचारून परीक्षा घेऊ नका.

पटलं तर आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर घरी या, बोलू. कुणीतरी येतंय हे घोडी माझ्याआधी सांगते.

राम राम.